वस्तऱ्याची नवी मूठ

जुना वस्तरा हातात आला की बहुतेक जण आधी अंगठा धारेकडे नेतात. आधी बघायची ती पाठ. पात्याची धारेसमोरची जाड कड म्हणजे पाठ, आणि वस्तऱ्याचे सगळे गणित तिच्यात आहे. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तशी गरज पडत नाही. पाते पथरीवर आडवे ठेवले की धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पात्याची रुंदी साडेसतरा मिलिमीटर असेल, तर हा कोन सुमारे १६ अंश भरतो. वर्षानुवर्षे पाजळून पाते अरुंद होत जाते, पण त्याच वेळी पाठही थोडी थोडी झिजते, म्हणून कोन फारसा बदलत नाही. ज्या कोणी ही रचना पहिल्यांदा योजली त्याने कोन राखायचे साधन हत्याराच्या अंगातच घडवले. म्हणून चकाकीच्या हौसेने कोणी पाठ बफवर घासून वेडीवाकडी केली असेल, तर तो वस्तरा कितीही देखणा दिसो, दाढीच्या कामाचा उरत नाही.

या प्रकरणात ज्या वस्तऱ्याची दुरुस्ती सांगणार आहे तो औरंगाबादला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, जुनी कुलपे, कात्र्या आणि अडकित्ते यांच्या ढिगात मिळाला. हर्सूलला घरी आणून उजेडात उघडला तेव्हा पात्यावर तांबूस गंज होता. मूठ पिवळसर, तपकिरी ठिपक्यांची, कासवाच्या कवचाची नक्कल केलेली. तिला जाळीसारखे तडे गेले होते आणि बोटांना ती किंचित चिकट लागत होती. नाकाशी नेली की कापराचा वास यायचा आणि त्यामागून एक आंबट, झोंबणारा दर्प. गंज कुठे जास्त आहे तेही पाहण्यासारखे होते. पात्याच्या मागच्या दांडीवर जेमतेम डाग होते आणि मिटल्यावर मुठीच्या आत झाकला जाणारा पात्याचा भाग मात्र खरवडल्यासारखा झाला होता.

आजार पात्याचा नव्हता, मुठीचा होता. ही मूठ सेल्युलॉइडची. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून हे प्लास्टिक बाजारात आणले. हस्तिदंत, कासवाचे कवच, शिंग या सगळ्यांची हुबेहूब नक्कल त्यातून स्वस्तात होई, म्हणून कंगवे, बाहुल्या, चष्म्याच्या काड्या आणि वस्तऱ्यांच्या मुठी त्याच्या होऊ लागल्या. पण सेल्युलॉइड कायम टिकणारे नाही. उष्णतेने, उजेडाने आणि वयाने ते विघटू लागते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते. मराठवाड्यातला चाळिशीपार उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा या कामाला अगदी पोषक. वस्तऱ्याची मूठ म्हणजेच त्याचे म्यान. तेव्हा पाते रोज ज्या घरात झोपते तेच घर त्याला खात असते. अशी मूठ डागडुजी करून वाचत नाही, ती बदलावीच लागते. काढलेली मूठ सेल्युलॉइडच्या इतर वस्तूंजवळ ठेवू नये, कारण एकीचे विघटन दुसरीचे लवकर ओढवते. विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नये, हे प्लास्टिक भडकून पेटते.

मूठ काढण्याआधी दांडीवरचा ठसा वाचून घ्यावा. आमच्या वस्तऱ्यावर कारखान्याचे नाव अर्धे पुसले गेले होते, पण ‘शेफील्ड’ आणि त्याखाली ‘इंग्लंड’ हे शब्द स्पष्ट होते. यातला दुसरा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि १८९१ पासून ते अमलात आले. त्यामुळे नुसते ‘शेफील्ड’ लिहिलेला वस्तरा बहुधा त्याआधीचा आणि ‘इंग्लंड’ जोडलेला त्यानंतरचा, असा ढोबळ आडाखा बांधता येतो. सेल्युलॉइडची मूठही त्या काळाशी जुळते. मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द. जर्मन मालावर ‘झोलिंगेन’ असते. ठशाभोवती वॉटर पेपर फिरवणे म्हणजे जुन्या दस्तऐवजावरची सही खोडणे. तेवढी जागा काळपट राहिली तरी चालते.

शेफील्डच्या पोलादाचा आपल्या भागाशी एक जुना धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १७९४ मध्ये मुंबईतले ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नावाच्या हिंदी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध सादर केला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा नामांकित हत्यारे बनवणारा कारागीर. त्याने या पोलादाची पाती घडवली आणि आपल्या दुकानाच्या जाहिरातीत उघड लिहिले, की वर्षानुवर्षे पारखून पाहिल्यावर युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादापेक्षा मला हे हिंदी पोलाद पसंत आहे. याच स्टोडार्टबरोबर तरुण मायकल फॅरेडेने १८१८ पासून पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. वूट्झचे गुपित उकलावे हा त्यामागचा हेतू. त्यातून पोलादात पाचशेव्या हिश्शाइतकी चांदी मिसळण्याची कल्पना निघाली, फॅरेडेने आपल्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले आणि मग शेफील्डच्या कारखान्यांनी ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द पात्यांवर सर्रास कोरायला सुरुवात केली, आत चांदी असो वा नसो. हे वूट्झ गाळणाऱ्या गावांपैकी कोनासमुद्रम हे एक मोठे केंद्र. ते आज तेलंगणात आहे. इस्फहानचे व्यापारी पोलाद विकत घ्यायला तिथवर येत. ते गाव निजामाच्या राज्यात होते, आणि आपले औरंगाबादही त्याच राज्यात. आगगाडी आणि आगबोट यांनी शेफील्डचा वस्तरा औरंगाबादच्या पेठेत आणून टाकला तोवर आपल्या भट्ट्या थंड पडल्या होत्या. याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

वस्तरा मात्र शेफील्डच्या मालाहून फार जुना. हर्सूलवरून जो रस्ता अजिंठ्याकडे जातो, त्याच्या शेवटी असलेल्या लेण्यांत राहणाऱ्या प्रत्येक भिक्खूला ज्या आठच वस्तू बाळगायची मुभा होती, त्यांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळायचे फडके आणि आठवा वस्तरा. गावगाड्यात तो बलुतेदार न्हाव्याच्या धोपटीत असे. घरोघर फिरून केलेल्या वर्षभराच्या कामाचे बलुते सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. त्या काळात याच हत्याराकडून समाजाने एक क्रूर कामही करून घेतले, ते म्हणजे विधवांचे केशवपन. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि यापुढे हे काम करणार नाही असे त्यांनी ठरवले. हत्यार ज्याच्या हातात त्यानेच नकार दिला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या नकाराला मिळायला हवे तेवढे मोल अजून मिळालेले नाही, असे मला वाटते. पुढे १९८६ मध्ये देशात एड्सची पहिली नोंद झाली आणि नंतरच्या काळात सलूनमध्ये गिऱ्हाइकागणिक नवे अर्धे ब्लेड बसवण्याची पद्धत रूढ झाली. ती योग्यच आहे. जुना वस्तरा आता फक्त एकाच माणसाने, स्वतःपुरता वापरावा.

आता काम. पात्याला आधी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत, गंजलेली धारही बोट कापते. दोन पट्ट्यांची मूठ दोन खिळ्यांवर उभी असते. एक पाते फिरते तिथला आणि दुसरा शेपटाकडचा, पट्ट्यांमधल्या पाचरीतून गेलेला. जाडी साधारण दीड मिलिमीटर, दोन्ही टोकांना वायसर आणि त्यावर ठोकून पसरवलेले डोके. हे डोके बारीक कानशीने घासून सपाट करावे, वायसर सुटले की खिळा मागून पंचाने हळूच ढकलावा. पक्कडीने पिळून काढायला गेलात तर दांडीचे भोक लंबुळके होते आणि मग नवी मूठ कितीही नेटकी केली तरी पाते आत डुलत राहते. मोकळे झालेले पाते दांडीला धरून नखाने हलकेच टिचकावे. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर भिंगाने धारेशी केसासारखी चीर शोधावी. चीर सापडली तर ते पाते कपाटात ठेवण्याजोगे, गालावर नेण्याजोगे नाही.

गंज काढताना घाई सगळ्यात घातक. रॉकेल मिळाले तर रॉकेल, नाही तर डिझेल, त्यात पाते रात्रभर ठेवले की वरचा तांबडा थर फडक्यानेच निघतो. त्यानंतर बुचाच्या किंवा लाकडाच्या ठोकळीवर वॉटर पेपर गुंडाळून, तेल लावून घासायचे. आधी ४०० नंबर, मग ६००, १००० आणि २०००. घासण्याची दिशा पाठीकडून धारेकडे, म्हणजे हात चुकून धारेवर चढत नाही. तांबडा गंज पोलाद खातो, तो जायला हवा. त्याखालचा काळसर करडा थर मात्र इजा करत नाही, उलट थोडे रक्षणच करतो. तो ठेवावा. खोल खड्डे धारेपासून दूर असतील तर तेही राहू द्यावेत, ते समूळ काढायचे तर पाते कागदाइतके पातळ करावे लागेल.

ग्राइंडर किंवा बफ वापरूच नये, यामागे पोलादाचे शास्त्र आहे. वस्तऱ्याच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्त असतो. लालभडक तापवून एकदम थंड केले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात ते हेच. यानंतर पाते कधीही २०० अंशांपुढे तापले की ते पाणी उतरू लागते. आधी फिकट पिवळी झाक येते, मग तपकिरी, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळी. पाठ जाड असते, ती तापायला वेळ लागतो, पण धारेशी पाते इतके पातळ की फिरत्या चाकावर धार क्षणात निळी पडते. निळी पडलेली धार कितीही पाजळली तरी टिकत नाही. हाताने घासताना पाते बोटाला कोमट लागले तरी पाण्यात बुडवावे.

मुठीसाठी शिंग, हाड, लाकूड यांतून निवडायचे. म्हशीचे शिंग ही जुनी आणि उत्तम निवड. गरम करून ते सपाट करता येते आणि घासल्यावर अंधुक पारदर्शक झळाळी येते, पण आपल्या कोरड्या हवेत ते वाकते आणि किडाही लागतो. हस्तिदंताचा विचार मनातही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी त्याचा व्यापार बंद आहे, मग वस्तू कितीही जुनी असो. लाकडांत साग ओळखीचा, पण तीन मिलिमीटरच्या पट्टीत खिळ्याच्या भोकाशी तो चिरतो. खैर आणि बाभूळ यांत टॅनिन पुष्कळ, ओलसर पोलादाला ते काळे डाग पाडते. आमच्या वस्तऱ्याला शिसव वापरले, एका जुन्या मोडक्या पलंगाच्या पायातून कापून घेतलेले. अशा लाकडाने कितीतरी पावसाळे पाहिलेले असतात, त्याला जे वाकायचे ते वाकून झालेले असते. चिकाटी असेल त्याने खानदेश-मराठवाड्याच्या कोरड्या डोंगरांतले अंजन घ्यावे. ते पाण्यात बुडते इतके जड, करवतीचे दात बोथट करते, पण त्याची पट्टी धातूसारखी ठाम होते.

जुनी मूठ कितीही खराब असली तरी तिची आकृती कागदावर उतरवून घ्यावी, दोन्ही भोकांसकट. नंतर पाते त्या आकृतीवर ठेवून एका टाचणीभोवती फिरवून बघावे. मिटल्यावर पात्याचे टोक पाचरीला लागत नाही ना, आणि धार पट्ट्यांच्या कडेबाहेर डोकावत नाही ना, हे कागदावरच कळते. शिसवीच्या दोन पट्ट्या, रेषा लांबीच्या दिशेने ठेवून, तीन मिलिमीटर जाडीच्या काढायच्या आणि दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना जोडून एकच समजून घडवायच्या. भोकेही जोडलेल्या अवस्थेतच पाडायची. ड्रिल जराही तिरके गेले तर पाते एका पट्टीला घासत मिटते आणि रोज थोडी थोडी धार लाकडावर मोडते.

मग पाचर. ही बोटाच्या नखाएवढी वस्तू साऱ्या मुठीचा प्राण आहे. जुन्या वस्तऱ्यांत ती शिशाची किंवा हाडाची असे, आम्ही पितळेची केली. ती दांडीपेक्षा पातळ ठेवायची आणि पात्याकडच्या बाजूला आणखी निमुळती करायची. खिळे आवळले की दोन्ही पट्ट्या किंचित कमानदार होतात, त्या ताणामुळे दांडी दोन्हींच्या मध्ये घट्ट धरली जाते आणि पाते बरोबर मधोमध बसते. पाचर दांडीइतकी जाड राहिली तर पट्ट्यांत ताण उरत नाही, पाते ढिले पडते. एका बाजूने चार केसांएवढी जास्त घासली गेली तरी पाते तिकडे कलते. इथे वेळ द्यावा. पक्के करण्याआधी बारीक नटबोल्ट लावून वीस वेळा उघडमिट करून पाहावी, कलत असेल तर पाचर काढून पुन्हा घासावी.

पट्ट्यांना जवसाचे तेल पातळ थरांत द्यायचे, एक थर पुरता वाळल्यावरच दुसरा. आतल्या बाजूलाही द्यायचे. बहुतेक जण हेच विसरतात, आणि ओले पाते तर आतच मिटले जाते. मग पितळी तार, दोन्हीकडे वायसर, तारेचे टोक वायसरवर जेमतेम दीड मिलिमीटर राहील असे कापून छोट्या ऐरणीवर धरायचे. गोल तोंडाच्या हलक्या हातोडीने कडेकडेने टकटक करत फिरायचे, दोन्ही बाजूंना आळीपाळीने. जोराचा एक घाव घातला तर आत तार वाकते आणि शिसव चिरते. वस्तरा आडवा धरला असता पाते आपल्या वजनाने खाली पडत नाही, पण अंगठ्याने सहज फिरते, एवढा आवळ पुरे.

धार सर्वांत शेवटी. १००० नंबरच्या सपाट दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, दाब न देता, टाचेपासून टोकापर्यंत तिरका हात न्यायचा. दोन्ही बाजू सारख्या. धारेवर आडवा उजेड पाडला असता कुठेही चमकता ठिपका दिसत नसेल तर कड बसली. पुढे ५०००, ८०००, जमल्यास १२०००. त्यानंतर चामड्याचा पट्टा, आणि इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाते पाठीवर लोळवायचे, धारेवर कधीच नाही. मनगटावरचा केस कातडीपासून थोडा वर आवाजाविना तुटला की वस्तरा तयार.

हर्सूलला नवरात्रात हरसिद्धी मातेची यात्रा भरते आणि खंडेनवमीला घरोघर हत्यारे पुजली जातात. काही घरांत अजूनही आजोबांची धोपटी त्या दिवशी पाटावर येते. हळदकुंकू लावावे, फूल वाहावे, पण पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी पाते कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे. ओली हळद रात्रभर राहिली तर सकाळी तिथे गंज फुटतो. आणि तुमच्या घरातल्या वस्तऱ्याच्या मुठीला कापराचा वास येत असेल, ती चिकट किंवा तडकलेली असेल, तर ती काढायला पुढच्या खंडेनवमीची वाट बघू नका. पाते मोकळे करा, तेल लावा, कागदात गुंडाळून वेगळे ठेवा. नवी मूठ सवडीने होईल. तो वस्तरा कोणाचा होता, कोणत्या गावी चालला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा.